पाणी फिरलं तेव्हा

पाणी फिरलं ते कमलाबाईच्या पायांना कळलं. घोटाभर पाण्यात वाकून ती रेतीतले मुळे, म्हणजे शिंपले, काढत होती. इतका वेळ घोट्याच्या आतल्या अंगाला लागणारी गार धार बाहेरच्या अंगाला लागायला लागली, एवढंच. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, असेल काहीतरी. पण पस्तीस वर्षं ज्या खाडीत पाय बुडवले तिची एवढी खूण बाईमाणसाला पुरते. कमलाबाईने मान वर केली. कांदळाचं एक पिवळं पान मघापासून जयगडच्या दिशेला, समुद्राकडे वाहत चाललं होतं. ते जागच्या जागी गरगरलं आणि बघता बघता उलटं, वरच्या अंगाला निघालं.

पाणी फिरलं होतं, भरती लागली होती.

ती उभी होती तो रेतीचा दांडा खाडीच्या पार मधोमध. भरतीला त्याचा मागमूस नसतो, वरून होड्या जातात. उधाणाच्या दिवसांत सुकतीला पाणी खाली गेलं की तो उघडा पडतो, आणि वाडीतल्या बायका टोपल्या घेऊन मुळे काढायला येतात. रेतीत रुतलेले ते शिंपले काढायचे म्हणजे कंबर मोडते, पण रश्श्याला त्यांच्यासारखी चव नाही. दांडा आणि किनारा यांच्यामध्ये एक चर आहे. पुऱ्या सुकतीलाही त्यात मांडीभर पाणी असतं, आणि भरती लागली की दांड्याच्या आधी तोच भरतो. दांडा कोरडा दिसतो म्हणून जो गाफील राहिला तो अडकला. म्हणून वाडीचा नियम एकच, पाणी फिरलं की निघायचं. हातातला मुळा टोपलीत टाकायचा आणि निघायचं.

आणि तरी कमलाबाई निघाली नाही. पाणी फिरलं असं म्हणालीही नाही. नुसतं विचारलं, "रेणुका, किती वाजले गो?"

रेणुका तिची सून. मुलगी मुंबईत वाढलेली, पण तीन वर्षांपूर्वी गावी आली ती पदर खोचून कामाला लागली, उगाच नाव ठेवायला जागा नाही. गळ्यातली प्लास्टिकची पिशवी पुढे ओढून तिने आतला फोन पाहिला.

"पावणेपाच, आई. सुकती पाच पन्नासला आहे. अजून तास आहे आपल्याला."

"बरं," कमलाबाई म्हणाली आणि परत वाकली.

आता ही बाई अशी गप्प का बसली, ते सांगायला हवं. वाडीत पाण्याची वेळ सांगायची ती कमलाबाईनेच. तिला ते सासूने शिकवलं होतं, आणि सासूला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. तिथी घ्यायची, तिच्यातून पाव भाग कमी करायचा, जे उरेल ती भरतीची वेळ. पुढे सहा तास मोजले की सुकती. आज चौदावा दिवस, उद्या माघी पौर्णिमा. चौदाचे साडेदहा, साडेदहाला भरती, साडेचारला सुकती. झालं! त्यावर पायांनी शिक्का मारायचा. इतकी वर्षं सगळ्या जणी तिच्या अंगणात येऊन विचारायच्या, "काकी, आज कितीला?" आणि काकी उगाच जरा भाव खाऊन सांगायची. तेवढा मान तिला होता, नाही कशाला म्हणा.

मग महिन्यापूर्वी मुंबईहून फोन आला. म्हणजे फोन करायचा फोन, नवा कोरा. कमलाबाईचा मुलगा प्रमोद कुर्ल्याला लिफ्टच्या कामावर आहे. त्याने बायकोसाठी घेतला, आपल्या खोलीत बसून त्यात काय काय भरलं आणि गावी येणाऱ्या माणसाबरोबर पाठवून दिला. त्यात गाणी होती, तेजलचा अभ्यास होता, आणि भरती-सुकतीची वेळही होती. निळी रेघ वर जाते, खाली येते, खाली आकडे. अगदी मिनिटांसकट! पाच पन्नास म्हणजे पाच पन्नास.

गेल्या अमावस्येला पहिल्यांदा गंमत झाली. कमलाबाईने दांड्यावर "चला गो, फिरलं" म्हटलं आणि सगळ्या जणी अर्ध्या टोपल्या घेऊन किनाऱ्याला आल्या. तिथे रेणुकाने सहज फोन पाहिला, तर त्यात सुकतीला अजून तास होता. बायका हळहळल्या. शेजारची सगुणा तर हसून म्हणाली, "काकी, तुमचे पाय म्हातारे झाले. आता त्यांना पेन्शन द्या." सगळ्या हसल्या. कमलाबाईही हसली. काय करणार? मागे वळून चराकडे बघायला मात्र एकीलाही सुचलं नाही. कांदळाच्या आडून तो दिसत नाही, आणि फोन खोटं सांगेल असं कुणाच्या मनातही येत नाही. कमलाबाईच्याही आलं नाही. त्या दिवसापासून अंगणात विचारायला यायच्या त्या रेणुकाला विचारायला लागल्या.

आज दांड्यावर त्या चौघीच होत्या. कमलाबाई, रेणुका, सगुणा आणि रेणुकाची सात वर्षांची तेजल. बाकीच्या बायका उद्याच्या पौर्णिमेसाठी विहार धुवायला गेल्या होत्या. तेजलला खरं तर आणायचं नव्हतं. पण घराला कुलूप, आणि पोर हट्टाला पेटलेली. रेणुकाने तिला कडेवर घेऊन चर ओलांडला होता. आता ती दांड्याच्या किनाऱ्याकडच्या टोकाला कुर्ल्यांच्या बिळांत काडी घालत बसली होती.

कमलाबाईचं लक्ष मुळ्यांवर नव्हतं. हात रेतीत चालत होते, डोळे पाण्यावर. एक रिकामा शिंपला तिने पाण्याच्या कडेला खोचून ठेवला. थोड्या वेळाने पाहिलं तर तो बुडालेला.  मग तिचं तिनेच मनाला समजावलं, जयगडच्या बंदरात बोट शिरली असेल. मोठी बोट आली की तिच्या लाटा इथवर येतात, हे काही खोटं नाही. तिने दुसरा शिंपला हातभर वर खोचला. पाणी त्याच्याही पायाशी आलं.

सांगू का? आत्ता सांगू का? सांगितलं आणि पुन्हा चूक निघाली तर सगुणा वाडीभर करील. रेणुका काही म्हणणार नाही, उलट "चला आई" म्हणेल, आणि तेच जास्त लागेल. म्हातारीचं मन राखायला म्हणून निघाली, असं होईल. आणि खरं सांगायचं तर कमलाबाईला आता स्वतःचीच खात्री वाटत नव्हती. गुडघे गेले, डोळ्याला मोतीबिंदू आला, मग पाय तरी कशाला धड राहतील? कोण जाणे!

"किती वाजले गो?" तिने पुन्हा विचारलं.

"सव्वापाच. काय आई, कंटाळलात?" रेणुका हसली. "पस्तीस मिनिटं आहेत. मग पाणी थांबेल, मग निघू."

"कंटाळतेय कशाला," कमलाबाई म्हणाली.  ती तेजलकडे बघत राहिली. लाल फ्रॉक, वाकलेली पाठ, तोंडाने काहीतरी बडबड चाललेली. आता पाचच मिनिटं, मग सांगायचं, असं तिने ठरवलं. पाच मिनिटं गेली. मग आणखी पाच ठरवली. समुद्राकडून वारा सुटला आणि पाण्यावर काटा उभा राहिला, तरी ती ठरवतच होती.

शेवटी बोलली ती तेजल.

"आजी! आपण आलो ती वाट कुठे गेली?"

तिघी ताठ उभ्या राहिल्या. टोपल्या टाकून धावल्या. तेजल टोकावर उभी होती आणि तिच्या पुढ्यात चर चांगला दुप्पट रुंद झाला होता. येताना तळाची रेती दिसत होती, तिथे आता काळंकुट्ट पाणी चाललं होतं. वरच्या अंगाला, जोरात. पलीकडे कांदळाची अर्धी खोडं बुडाली होती.

"अगो आई गं," सगुणा म्हणाली. "हे काय? अजून सुकती व्हायचीय ना?"

रेणुकाने फोन बघितला. निळी रेघ अजून खालीच चालली होती. ती एकदा फोनकडे बघे, एकदा पाण्याकडे.  "असं कसं? आई, असं कसं होईल?"

"कसं ते मागनं बघू. भिवाला लाव. त्याची होडी धक्क्यावर आहे."

रेणुकाने पिशवीतून फोन बाहेर काढला आणि बोट लावलं. बोट ओलं, काच ओली. भलतंच काहीतरी उघडलं. तिने ओढणीला पुसलं, ओढणीही ओली. भिवाऐवजी गाणं वाजायला लागलं. नाचाचं गाणं, ढिणचॅक ढिणचॅक, भर खाडीत! तेजल रडायला लागली.  कसाबसा भिवाला फोन लागला, वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. वाजत राहिला. भिवा विहाराच्या छपरावर तोरणं बांधत होता आणि त्याचा फोन खाली खुर्चीवर होता, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं.

मग तिने प्रमोदला लावला. त्याने मात्र लगेच उचलला. अडीच-तीनशे किलोमीटरवरून आवाज स्वच्छ आला, शेजारी उभा असल्यासारखा. "बोल गं. नाही, थांब, लिफ्टच्या खड्ड्यात उतरलोय, साहेब उभे आहेत. पाच मिनिटांत करतो." आणि कट.

किनारा हाकेच्या अंतरावर होता. सगुणाने हाका मारल्या, घसा फुटेस्तोवर मारल्या. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं.

"ठेव तो आता," कमलाबाई ओरडली. "त्याला काय पोहता येतं?"

तिला स्वतःला पोहता येत नव्हतं. सगुणालाही नाही, रेणुकाला तर नाहीच. थांबावं तर पाऊण तासात दांडा पाण्याखाली. जावं तर छातीभर पाणी आणि ओढ.  लग्न होऊन आली त्या वर्षी वाडीतली एक बाई या चरात गेलेली तिने पाहिली होती. तिसऱ्या दिवशी वरच्या गावाला मिळाली. ते तिला आत्ताच आठवायचं होतं!

"लुगडं सोड, सगुणा," ती म्हणाली आणि स्वतःचंही सोडायला लागली.

दोन्ही लुगडी पीळ घालून एकमेकांना बांधली. पुढे कमलाबाई, मध्ये रेणुका आणि तेजल, शेवटी सगुणा. "तू जाड हायस, मागं राहा," कमलाबाई म्हणाली आणि सगुणाने पहिल्यांदाच उलट उत्तर दिलं नाही. तेजलच्या काखेतून पीळ काढून गाठ मारताना कमलाबाईने ती तीनदा ओढून पाहिली. 

सगुणा समोरच्या काठाकडे वळली तशी कमलाबाईने तिला खेचली. "तिथनं नाय. समुद्राकडच्या टोकाला चला."

"काकी, घर समोर दिसतंय आणि तुम्ही उलट्या कुठे नेताय?"

"पाणी वर ओढतंय. इथनं उतरलीस तर काठ लागायच्या आधी वरच्या अंगाला त्या खडपाच्या, खडकांतल्या डोहात जाशील. तिकडनं उतरू, पाणीच आपल्याला इथवर आणील. चल!"

दांड्याच्या टोकापर्यंत त्या धावल्या. तिथेही पाणी पायात आलं होतं. कमलाबाई उतरली. गुडघा, मांडी, कंबर. तळाची रेती पायाखालून सरकत होती. एक पाय घट्ट रोवल्याशिवाय दुसरा उचलू नका, असं ती मागे न बघता सांगत होती, पुन्हा पुन्हा, स्वतःलाच सांगितल्यासारखं. पाणी छातीला आलं. ओढ अशी की माणूस सरळ उभा राहूच शकेना. तेजल रेणुकाच्या खांद्यावर, तिच्या केसांना धरून.

अर्ध्याच्या वर आल्या असतील. मागून "आई!" एवढंच ऐकू आलं आणि कमरेचा पीळ खाडकन ताणला. कमलाबाई वळली. रेणुका गळ्यापर्यंत खाली गेली होती, तोंडात पाणी, हात वर. खांद्यावर कुणी नव्हतं.

तेजल दिसत नव्हती.

कमलाबाईला पुढचं नीट आठवत नाही. ती ओरडली की नाही, हेही नाही. लुगड्याचा पीळ तिने हाताला वेढला आणि ओढला. काहीतरी जड होतं, पाणी ते पलीकडून ओढत होतं आणि ही अलीकडून. मागे सगुणा टाचा रोवून खांबासारखी उभी राहिली होती, म्हणून बाकीच्या जागेवर होत्या. लाल कापड दिसलं. केस हाताला लागले. केसांना धरूनच तिने नात वर काढली आणि छातीशी दाबली, आणि मग ती नुसती चालत सुटली. पाय रोवणं नाही, काही नाही. पाणी कंबरेला आलं, मग मांडीला, मग चिखल लागला आणि ती कांदळाच्या मुळांवर तेजलला घेऊन पडली.

पोराचे ओठ निळे पडले होते. कमलाबाईने तिला पालथी घालून पाठीवर थापटलं. "बाय माझे, बाय माझे," तेवढंच तोंडातून निघत होतं. तेजलने भडाभडा पाणी ओकलं आणि टाहो फोडला. तो टाहो ऐकून तिन्ही बायका रडायला लागल्या.

तेवढ्यात रेणुकाच्या गळ्यातल्या पिशवीत फोन वाजला. त्याला काही म्हणजे काही झालं नव्हतं.

"हां, बोल आता," प्रमोद म्हणाला. "कशाला केलेलास?"

रेणुकाने सांगितलं. हुंदके देत, मागचं पुढे, पुढचं मागे करत सांगितलं.  मग प्रमोदचा आवाज आला, अगदी बारीक. "रेणू, ते उघड. वर गावाचं नाव काय दिसतंय?"

रेणुकाने बोटं गवताला पुसली आणि उघडलं. निळ्या रेघेच्या वर, कुणी कशाला बघायला जाईल अशा बारीक अक्षरांत लिहिलं होतं, मुंबई.

"मी इथे बसून भरलं ना," प्रमोद म्हणाला. "इथलंच राहिलं. बदलायचं राहिलं." आणि तोही रडायला लागला.

पाणी आपल्याकडे आधी फिरतं, मुंबईला तास-सव्वा तास मागनं. बोटीवरची सगळी माणसं हे जाणतात. लिफ्टवाल्या पोराला कुठून कळणार, आणि मुंबईच्या मुलीला तरी कुठून? रेणुकाने तिथल्या तिथे नाव बदललं. जयगड. एक बोट लावलं आणि झालं. रेघ हलली, सुकतीच्या जागी चार अडतीस आलं, आणि आता रेघ वर चढत होती, समोरच्या पाण्यासारखीच.

सगुणाने चिखलातच कमलाबाईचे पाय धरले. "काकी, मी हसले तुम्हाला. माझी जीभ झडो. आज तुम्ही नसता तर आम्ही तिघी गेलो होतो. त्या डबड्याच्या नादी लागून तुम्हाला विचारलंसुद्धा नाही आम्ही."

"आईंनी वाचवलं," रेणुका फोनमध्ये सांगत होती. "तुमच्या आईंनी वाचवलं हो तिला."

तेजल आजीच्या मांडीवर होती. तिने आजीचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला होता. कमलाबाईला वाटलं, गप्प बसावं. कुणाला कधीच कळणार नाही. उद्या विहारात सगळी वाडी हेच बोलेल, अंगणात पुन्हा बायका विचारायला येतील. सगळं पुन्हा पहिल्यासारखं होईल. आणि याच विचाराची तिला इतकी भीती वाटली की तितकी मघाशी चराचीही वाटली नव्हती. मघाशीही ती अशीच गप्प बसली होती.

"मला कळलं होतं," ती म्हणाली.

रेणुकाने फोन खाली केला. "काय, आई?"

"पाणी फिरलेलं मला कळलं होतं. तुला पहिल्यांदा वेळ विचारली ना, तेव्हाच."

सगुणाने पाय सोडले.  फोनमधून प्रमोद "हॅलो, हॅलो" करत होता. तेजलने मान वर करून आजीकडे पाहिलं. तिच्या पापण्यांना अजून रेती चिकटली होती.

"मग तू सांगितलं का नाहीस, आजी?"

"मला वाटलं," कमलाबाई म्हणाली, "सगळ्या हसतील."

 तेजलने आजीचा हात सोडला, मांडीवरून उतरली आणि चिखलातून सरकत आईकडे गेली.